कुपोषण, वय आणि वृद्धिसंप्रेरक : चिकित्सकाच्या दृष्टीने

सहकारी साखर कारखानदारीचा पाया आपल्या जिल्ह्यात प्रवरानगर येथे घातला गेला. त्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील डोंगरपट्ट्यात बालकांचे कुपोषण आजही चिंतेचा विषय आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर होते. आई-वडिलांसोबत गेलेल्या लेकरांची गावच्या अंगणवाडीतील नोंद आणि आहार या काळात खंडित होतात. राज्याचे चित्रही समाधानकारक नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश आढळली.

अशा बालकाचे पालक आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयात येतात तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकच असते : "मूल वाढत नाही, वाढीचे काहीतरी औषध द्या." बारा वर्षांच्या मुलासाठी हीच मागणी होते, अठरा वर्षांच्या तरुणासाठीही होते. अलीकडे यात 'ग्रोथ हॉर्मोन' या शब्दाची भर पडली आहे. मुलाच्या शरीरात ते कमी असेल, ते वाढविणारी एखादी पावडर किंवा गोळी असेल, असा समज सर्वत्र पसरलेला दिसतो. कुपोषणात या संप्रेरकाचे नेमके काय होते, वयानुसार त्यात काय फरक पडतो आणि त्यावरून आपण चिकित्सेत कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वृद्धिसंप्रेरकाचे कार्य

ग्रोथ हॉर्मोन म्हणजे वृद्धिसंप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते. हा स्राव सतत व एकसारखा नसतो. तो लाटांनी येतो आणि त्यातील मोठी लाट रात्रीच्या गाढ झोपेत येते. म्हणून दिवसा केव्हातरी रक्त घेऊन केलेल्या एका तपासणीवरून या संप्रेरकाबद्दल काहीही ठरविता येत नाही.

या संप्रेरकाची कामे दोन प्रकारची आहेत. पहिले काम उंचीशी निगडित आहे. ते यकृताला आणि अस्थींच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला आज्ञा देते, त्या आज्ञेनुसार आयजीएफ-१ नावाचे द्रव्य तयार होते आणि प्रत्यक्ष वाढ मुख्यतः त्याच्यामार्फत घडते. दुसरे काम इंधनाशी निगडित आहे. हे संप्रेरक साठविलेली चरबी विरघळवून तिचा वापर करावयास लावते आणि स्नायूंतील प्रथिनांची झीज आवरते. पहिले काम सुकाळातले, दुसरे टंचाईतले, असे म्हटले तरी चालेल.

कुपोषणातील विरोधाभास

कुपोषित बालक वाढत नाही, तेव्हा त्याचे वृद्धिसंप्रेरक कमी असावे असे कोणासही वाटेल. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे क्वाशिओरकोरने ग्रस्त बालकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा याच्या अगदी उलट आढळले. त्या बालकांत वृद्धिसंप्रेरक वाढलेले होते आणि प्रथिनयुक्त आहार सुरू झाल्यावर ते खाली आले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही या प्रश्नाचा अभ्यास झाला. अशा बालकांत संप्रेरक जास्त असूनही आयजीएफ-१ मात्र कमी असते, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

याचा अर्थ असा की आज्ञा सुटते, पण तिचे पालन होत नाही. अन्न कमी पडले की इन्सुलिन उतरते आणि यकृत वृद्धिसंप्रेरकाच्या आज्ञेस प्रतिसाद देईनासे होते. आयजीएफ-१ घटल्याने पीयूषिका ग्रंथीवरचा अंकुश सुटतो व ती अधिकच स्रवू लागते. उपाशी जठरातून येणारे घ्रेलिन हे द्रव्यही तिला उत्तेजन देते. त्याचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली लावला. एकूण परिणाम असा होतो की वाढीचे खर्चिक काम शरीर थांबविते, चरबीवर गुजराण करते आणि जीव वाचविते. खुजेपणा ही जगण्यासाठी मोजलेली किंमत आहे. तेथे संप्रेरकाचा दुष्काळ नसतो, दुष्काळ अन्नाचा असतो.

आपल्या शास्त्राच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. आहारापासून रस आणि रसापासून उत्तरोत्तर धातू, ही पोषणाची साखळी अग्नीवर अवलंबून आहे. मूळ द्रव्य नसेल किंवा अग्नी मंद असेल, तर पुढील धातूंची वाढ कोणत्याही प्रेरणेने होत नाही. या दोन शास्त्रांतील संज्ञा एकमेकींचे भाषांतर नाहीत आणि आयजीएफ-१ म्हणजे अमुक धातू असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. मात्र चिकित्सेची दिशा दोन्हीकडून एकच निघते, हे महत्त्वाचे.

वय बदलते तसा प्रतिसाद बदलतो

सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे भाग केले : एक वर्षापर्यंत दूध, दोन वर्षांपर्यंत दूध व अन्न, पुढे अन्न. हा विभाग आहारावर आधारलेला आहे आणि वृद्धिसंप्रेरकाच्या अभ्यासात तो आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडतो.

*गर्भावस्था.* गर्भाची वाढ त्याच्या स्वतःच्या वृद्धिसंप्रेरकावर फारशी अवलंबून नसते. ती आईकडून येणाऱ्या पोषणावर, इन्सुलिनवर व आयजीएफ वर्गातील द्रव्यांवर अवलंबून असते. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. विशेष म्हणजे ही लहानखुरी बालके स्नायूंनी कृश होती, पण त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती त्यांची बालके आकाराने मोठी होती, हेही या अभ्यासात दिसले. गर्भिणी परिचर्येत मासानुमासिक दुधाचा आग्रह धरणाऱ्या वैद्यांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात ठेवावा.

*क्षीरप व क्षीरान्नाद अवस्था.* पहिल्या वर्षात बालक सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२. स्वीडनचे कार्लबर्ग यांनी वाढीचे शैशव, बाल्य आणि कौमार्य असे तीन टप्पे मांडले. शैशवातील वाढ प्रामुख्याने पोषणावर चालते. साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान वृद्धिसंप्रेरकाच्या नियंत्रणाखालील बाल्य टप्पा सुरू होतो. लाहोरच्या गरीब वस्त्यांतील बालकांत हा टप्पा उशिरा सुरू होतो आणि त्या विलंबातच खुजेपणाचा मोठा वाटा असतो, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. दूध अपुरे पडू लागते, वरचे अन्न नीट सुरू झालेले नसते, अतिसार वारंवार होतो, आणि नेमक्या त्याच वेळी शरीर वाढीची सूत्रे वृद्धिसंप्रेरकाकडे सोपवू पाहते.

म्हणून सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन दहा महिन्यांपर्यंत धान्य, डाळ, तूप लांबणीवर टाकणे आजच्या परिस्थितीत योग्य नाही. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यातच लघू व हितकर अन्न सांगितले आहे.

याच वयातील परिगर्भिक व्याधीचे वर्णन आपण सर्वांनी अभ्यासले आहे : आई पुन्हा गर्भवती राहते, अंगावरचे मूल अग्निमांद्य, कृशता, तंद्रा व उदरवृद्धीने ग्रस्त होते. १९३०च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट भागातून क्वाशिओरकोरचे वर्णन केले. तेथील भाषेत या शब्दाचा आशय धाकटे भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार असाच आहे. दोन खंडांतील निरीक्षकांनी एकाच घरगुती घटनेवर बोट ठेवावे, हे पुरेसे बोलके आहे.

*अन्नाद व कौमार अवस्था.* तीन वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढते. या काळात कुपोषण झाले तर संप्रेरकाचा तोच खेळ होतो, पण पुरेसे अन्न मिळताच वाढ पुन्हा वेग घेऊ शकते. वयात येताना वृद्धिसंप्रेरकाचा स्राव आयुष्यातील सर्वाधिक असतो व त्यास लैंगिक संप्रेरकांची जोड मिळते. कुपोषित मुला-मुलींत हा काळ लांबतो. त्यामुळे वाढीला थोडा अधिक अवधी मिळतो, परंतु पहिल्या दोन-तीन वर्षांत पडलेली तूट सहसा पूर्ण भरून निघत नाही. मुलीचे लग्न लवकर झाले आणि वाढ पुरी होण्याआधीच गर्भ राहिला, तर एकाच ताटातले अन्न दोन वाढत्या देहांना पुरवावे लागते.

*प्रौढावस्था.* वाढीच्या कूर्चा बंद झाल्यानंतर उंचीचा प्रश्न मिटतो. शार्ङ्गधरांनी आयुष्याच्या दर दशकात एकेक भाव क्षीण होतो असे सांगताना दुसऱ्या दशकाशी वृद्धीचा ऱ्हास जोडला आहे. प्रौढात उपवासाने वृद्धिसंप्रेरक वाढते. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना पाच दिवस उपवास घडविला असता स्रावाच्या लाटा संख्येने व उंचीने वाढल्या. ही वाढ चरबीच्या वापरासाठी व स्नायू राखण्यासाठी असते. लंघनाने 'ग्रोथ हॉर्मोन वाढते' म्हणून शरीर बळकट होते, असा जो प्रचार हल्ली ऐकू येतो, तो या प्रतिसादाचा अर्धाच अर्थ सांगतो. साठा असलेल्या देहाला हा प्रतिसाद काही दिवस तारतो. कृश देहाला लंघन म्हणजे भांडवलच मोडून खाणे होय.

*वृद्धावस्था.* तारुण्यानंतर वृद्धिसंप्रेरकाचा स्राव दर दशकास सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वृद्धात आयजीएफ-१ वयामुळे कमी असते आणि कुपोषणामुळे आणखी उतरते. दोन्ही कारणे एकत्र आल्याने तपासणीचा आकडा फसवा ठरतो. तथापि आहाराला येथेही प्रतिसाद मिळतो. जिनिव्हा येथे खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना सहा महिने नियमित २० ग्रॅम जादा प्रथिने दिली असता आयजीएफ-१ वाढले व मांडीच्या हाडाची झीज कमी झाली, असे १९९८ साली प्रसिद्ध झाले. एकट्या राहणाऱ्या, चहा-भाकरीवर दिवस काढणाऱ्या आजीबाईंच्या सांधेदुखीला तेल आणि गुग्गुळ देताना त्यांच्या ताटात डाळ व दूध आहे का, हे विचारणे म्हणूनच चिकित्सेचा भाग ठरते.

बहात्तरच्या दुष्काळातील पिढी

या सर्वांचा पडताळा आपल्या बाह्यरुग्ण विभागात घेता येण्यासारखा आहे. १९७२-७३च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. रोजगाराची कामे निघाली, मिलो ज्वारी खाल्ली गेली, कामांवर सुकडी वाटली गेली. त्या वेळी पोटात असलेली किंवा अंगावर पिणारी बालके आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत.

असाच प्रसंग नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात घडला. तेथील नोंदी सुस्थितीत असल्याने त्या काळात गर्भात असलेल्यांचा पुढे दीर्घ अभ्यास होऊ शकला. उपासमार गर्भावस्थेच्या अखेरीस झाली तर बालक वजनाने कमी जन्मले. सुरुवातीस झाली तर जन्मवजन जवळपास ठीक, पण पुढील आयुष्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजे उपासमार एकच, पण ती कोणत्या वयात गाठते यावर तिचा ठसा ठरतो. आपल्या मधुमेही किंवा हृद्रोगी रुग्णाचा जन्म त्या दोन वर्षांतला असेल, तर इतिवृत्तात तेवढी एक ओळ लिहून ठेवावी. अंगाने बारीक असूनही प्रमेह कसा, या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी तेथे सापडते.

चिकित्सेतील बोध

चरकाचार्यांनी संतर्पणाच्या विचारात सद्यःक्षीण आणि चिरक्षीण असा भेद केला आहे. नुकताच क्षीण झालेला रुग्ण संतर्पणाने लवकर भरून येतो. दीर्घकाळ क्षीण असलेल्याला देह, अग्नी, बल, दोष पाहून सावकाश व दीर्घकाळ संतर्पण द्यावे लागते. कृशासाठी संतर्पण सांगतानाही ते लघू असावे, असा आग्रह आहे. आधुनिक शास्त्र याच ठिकाणी येऊन पोहोचले. तीव्र कुपोषित बालकाला एकदम भरपूर आहार दिला तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय दगावू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आधी थोडा-थोडा, वारंवार, सौम्य आहार व नंतरच वाढीचा आहार असतो.

यावरून काही व्यावहारिक नियम हाती येतात.

१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाच्या दंडाचा घेर मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण समजावे. ११.५ ते १२.५ हा मध्यम कुपोषणाचा पट्टा आहे.

२) तीव्र कुपोषणाबरोबर भूक नसणे, ताप, थंड पडलेले अंग, सुस्ती किंवा सूज असेल तर बालकाला ताबडतोब पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. शुद्धीवर असल्यास निघण्यापूर्वी शीगभर लहान चमचा साखर साडेतीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून पाजावी व मूल आईच्या अंगाशी गुंडाळून उबदार ठेवावे.

३) तीव्र कुपोषणात पहिल्या आठवड्यात लोहयुक्त औषधे देत नाहीत, कारण या अवस्थेत मोकळे लोह जंतुसंसर्गाला बळ देते. पांडुत्व दिसले तरी मंडूर किंवा लोहकल्पांची घाई करू नये. शोधन तर सर्वथा वर्ज्य समजावे.

४) सौम्य व मध्यम कृशतेत आधी दीपन-पाचन, मग बृंहण हा क्रम पाळावा. बृंहण म्हणजे प्रथम आहार. नागली, वरई, हुलगा, वाल, शेंगदाणे, तूप, अंडे, दूध यांतील जे त्या घरात परवडते व पचते ते लिहून द्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या परिसरातील वाल-वरई हीच तेथल्या मुलांची सर्वांत जवळची औषधी होय.

५) खुजे मूल गुटगुटीत असेल, वजन उंचीच्या मानाने चांगले असेल आणि चार वर्षांनंतरही वर्षाला चार सेंटिमीटरहून कमी वाढत असेल, तर खरोखरच संप्रेरकाची किंवा थायरॉइडची उणीव संभवते. अशा मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे. कुपोषणात वजन आधी घसरते व उंची नंतर खुंटते. संप्रेरकाच्या उणिवेत उंची खुंटते, वजन बहुधा टिकते. वजनकाटा आणि मोजपट्टी एवढ्यावरच हा भेद पुष्कळदा कळतो.

औषधालय चालकांसाठी

उंची वाढविण्याचा दावा करणारी जाहिरात हा केवळ नैतिक प्रश्न नाही. १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत 'व्यक्तीची उंची' हा विषय समाविष्ट आहे. दुकानात लावलेला फलकही जाहिरातच ठरतो. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे कुपोषित मुलाच्या शरीरात वृद्धिसंप्रेरक आधीच जास्त असते, मग ते 'वाढविणारे' चूर्ण काय साधणार? प्रत्यक्ष संप्रेरकाची इंजेक्शने हा तर अधिकच गंभीर विषय आहे. अतिदक्षता विभागातील ५३२ प्रौढांवर युरोपात झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. स्नायूंची झीज थांबावी म्हणून वृद्धिसंप्रेरक दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. थकलेल्या देहावर नुसत्या आज्ञेचा मारा केल्याने काय घडते, याचे हे कठोर उदाहरण आहे.

पालक दोन-तीनशे रुपयांचा डबा मागतात तेव्हा तो देणे सोपे असते. त्याच पैशांत महिनाभराचे शेंगदाणे, गूळ व डाळ घरात येते, हे सांगणारा औषधालय चालक एक विक्री गमावतो, पण त्या कुटुंबाचा कायमचा विश्वास कमावतो.

संघटनेपुढे एक सूचना

आपल्या जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामाने जगाला दाखविले की गावातील अल्पशिक्षित महिलाही बालकांचे वजन-माप घेऊन कुपोषण वेळीच ओळखू शकतात. आपण पदवीधर चिकित्सक आहोत आणि गावोगाव पोहोचलो आहोत. ऊसतोडीस कुटुंबे साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा, आपापल्या गावातील पाच वर्षांखालील बालकांचे वजन, उंची व दंडाचा घेर प्रत्येक सभासदाने नोंदवावा आणि ही नोंद अंगणवाडी सेविकेकडे द्यावी. दोन वर्षांखालील बालकांच्या आयांना प्रवासात व फडावर मुलाला काय व किती वेळा भरवायचे, हे निघतानाच सांगावे. त्या वयात गेलेले सहा महिने पुढे कोणत्याही औषधाने परत आणता येत नाहीत.